जोडीचं पान

१४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले. हे पत्र तुमच्या आधी खानावळीत पोचलं तर नवल मानू नका. तुम्ही तिथे तीस तारखेला उतरणार हे तुमच्यापेक्षा मला जास्त पक्कं माहीत आहे, कारण वही मी लिहिलीय.

आधी घरचं सांगते. तुमच्या आईंचं मांडीचं हाड बसवलंय, पण चार महिने पाय टेकवायचा नाही. उठवणं, बसवणं, पुसणं सगळं माझ्याकडे. दुकान तुमचे दादा बघतात, म्हणजे पुस्तकं बांधायची मीच आणि गिऱ्हाइकांशी गप्पा त्यांच्या. अकरा महिन्यांचा प्रवास, नऊ देश, दोघींची दोन तिकिटं, आणि निघायला नऊ दिवस असताना आई न्हाणीत घसरल्या. तुमची शाळेतली बिनपगारी रजा पुन्हा मिळणारी नव्हती. शिवाय आईंनीच माझा हात धरून तुम्हाला सांगितलं की तू जा, ही आहे ना. मी मान डोलावली. डोलावताना मनात काय चाललं होतं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुमच्याशी आडपडदा कसला? माझा जळफळाट होतोय.

सहा वर्षं ती वही लिहिली मी. खानावळींना पत्रं पाठवली, गाड्यांच्या वेळा जुळवल्या, ताव दुमडून घड्या केल्या, शिवल्या, पुठ्ठा चढवला. तुम्ही वीस वर्षं भूगोल शिकवताय, पोरांकडून जगातल्या नद्या घोकून घेतल्यात, आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे ते बघणार माझ्या वहीत. असो.

चालायचे बूट घेतले होते ते आठवतात ना? पायाला सवय व्हावी म्हणून सहा महिने घरात घालत होते. अजून घालते. पुठ्ठे कापताना, खळ ढवळताना, आईंना चहा देताना. दादा रोज विचारतात की स्वारी कुठे निघाली. मी सांगते, दाबयंत्रापर्यंत.

फोटो मुळीच पाठवू नका, बघवणार नाहीत. लिहा मात्र सगळं. फार रंगवून नको, पण काही गाळूही नका. फोनचंही राहू द्या. दोन मिनिटं खरखर ऐकू येते आणि दादा शेजारी उभे राहून घड्याळ बघतात.

लोभ आहेच. सध्या त्यावर थोडी राख बसलीय, तेवढी फुंकून घ्यावी.
आपली,
वहिनी

८ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खरंच माझ्या आधी येऊन बसलं होतं. खानावळवालीने किल्लीबरोबरच हातात ठेवलं. तिसरा मजला, मागची खोली, भिंतीतली पाण्याची नळी सकाळी सहाला ठकठक करते. सगळं तू लिहिलंस तसंच. कोपऱ्यावर तू म्हटलेला बाक आहे, बाकाला तू म्हटलेली तुटकी फळीही आहे. वहिनी, एकदा तरी चुकायचंस.

एक गोष्ट गाळता येईल अशी आहे, पण तू गाळू नका म्हणालीस. दार उघडल्या उघडल्या त्या बाईने मला मिठी मारली आणि तुझं नाव घेतलं. सहा वर्षं तुझीच पत्रं जात होती ना तिला. मी दुरुस्त करायला हवं होतं. नाही केलं. नऊ दिवस झाले, मी इथे तू होऊन राहतेय. तुझ्यासाठी तिने खिडकीशी खास खुर्ची आणून ठेवली होती, तुला कोवळं ऊन आवडतं असं तू कधी तरी लिहिलं होतंस म्हणून. त्या खुर्चीत बसून मी हे लिहितेय. ऊन चांगलं आहे.

आई माझी आठवण काढते का? दादाला विचारलं तर तो नुसतं सगळं ठीक म्हणतो. एक सांगून ठेवते, तिच्या केसांच्या वाटेला जाऊ नकोस. बाबा गेल्यापासून तिने कोणालाही विंचरू दिलेलं नाही. मी एकदा कंगवा घेऊन मागे उभी राहिले होते, तिने तो माझ्या हातातून शांतपणे काढून घेतला. तिचा तो वेडावाकडा अंबाडा तसाच असू दे.

पाय सुजलेत, बाकी ठणठणीत. तुझे बूट मागून घ्यायला हवे होते.

माया असावी, आणि उन्हाबद्दल क्षमा असावी.
तुझी,
धाकटी नणंद

१९ मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं. खुर्चीपर्यंत आले आणि घडी घालून ठेवून दिलं. संध्याकाळी पुढचं वाचलं. मनात म्हटलं, एवढं काय त्यात, खुर्चीच तर आहे. मग वाचनालयाची पुस्तकं दुरुस्तीला आलीत त्यातल्या एकाचा पुठ्ठा उलटा चिकटवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आई तुमची आठवण काढतात. भिंतीवर नकाशा लावलाय, तुमची लाल टाचणी आहे. आई पलंगावरून हातातल्या काठीने मला दाखवतात की आज पुढे सरकव. कधी कधी वहीच्या आधीच सरकवायला लावतात, त्यांना तुमची घाई झालेली असते.

केसांचं मात्र तुम्ही म्हणता तसं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आपणहून कंगवा पुढे केला. मी काही मागितलं नव्हतं. रोज सकाळी दहा मिनिटं लागतात. केस अजून लांब आहेत, मऊ आहेत, आणि डाव्या कानामागे एक जुना व्रण आहे. विंचरताना त्या शीळ घालतात. आईंना शीळ येते हे तुम्हाला ठाऊक होतं? चांगली खणखणीत येते. लग्नाआधी भावाबरोबर शिकल्या होत्या म्हणे. या घरात कोणापुढे घातली नव्हती.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. खुर्चीचं वाचलं आणि लिहिलं. तुम्हाला लागावं म्हणूनच लिहिलं, उगाच सोज्वळपणा कशाला आणू?

काल खुर्चीत बसवून त्यांना पडल्यापासून पहिल्यांदा दुकानात आणलं. माझ्या टेबलावर भिंतीला चिकटवलेला निळा कागद आहे ना, त्याकडे बघून विचारत होत्या की हा कुठला. म्हटलं, एका जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याआत होता, मी नवी नवरी असताना दुरुस्तीला आलेल्या.  त्यांनी काठीच्या टोकाने त्याचा वर आलेला कोपरा दाबून बसवला.

लोभ ठेवावा. नाही जमला तर निदान पत्र ठेवावं.
आपली,
वहिनी

२२ ऑगस्ट

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी अडकलेय. घाबरून जाऊ नकोस, आईला सांगू नकोस, आधी पूर्ण वाच.

या देशात आल्यापासून सात दिवसांच्या आत जिल्ह्याच्या कचेरीत नोंद करायची असते. मी केली नाही. मला माहीतच नव्हतं. पाचव्या आठवड्यात बसमध्ये तपासणी झाली, माझा पासपोर्ट काढून घेतला आणि या गावात उतरवलं. आज दहा दिवस झाले. रोज सकाळी नऊला कचेरीत जाऊन सही करायची, मग लाकडी बाकावर बसायचं, मग परत यायचं. साहेब म्हणतात की चौकशी होईल. चौकशीत माझा हेतू वाईट ठरला तर परत पाठवतील आणि पासपोर्टवर असा शिक्का बसेल की पुढचे चारही देश मला दारात उभं करणार नाहीत. रजा गेली, प्रवास गेला, आणि पुन्हा कधी निघायचं म्हटलं तरी तो शिक्का आधी बोलणार.

तुझ्या वहीत हे असणारच होतं. तू विसरणाऱ्यातली नव्हेस. पण ते पान वहीत नाही. सुटून गेलं. साहेबांना पटेल असं काही तुझ्याकडे असेल तर पाठव. कच्चे कागद, खानावळींची पत्रं, काहीही.

राहते कपडे धुण्याच्या दुकानावरच्या खोलीत. मालकीण मोठ्या इस्पितळाच्या चादरी धुते. दुपारी मी तिच्याबरोबर घड्या घालते. कडेला कड जुळवून घातलेली घडी बघून ती खूष झाली. बांधणीवाल्याच्या घरची मुलगी आहे हे तिला कसं सांगणार, खाणाखुणांनी पुस्तक शिवून दाखवलं.

आईच्या शिळेचं तीन महिने डोक्यात आहे. चाळीस वर्षं मी त्या घरात राहिले, वहिनी.

उत्तर लवकर दे. माया असावी.
तुझी,
धाकटी

६ सप्टेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ते पान आपोआप सुटलेलं नाही. मी सोडवलं.

सगळं सांगते. त्या निळ्या कागदाचा मी वर्षानुवर्षं माग काढला होता. उजेडात धरला की त्यात एक पुसट खूण दिसते. त्या खुणेवरून विचारत विचारत गाव सापडलं. तुम्ही आहात त्याच देशात, त्याच जिल्ह्यात. तिथे अजून बायका टाक्यांमध्ये हात घालून तो कागद करतात. हा सगळा प्रवास मी त्या एका गावाभोवती आखला. कोणाला बोलले नाही. तिथे पोचेपर्यंत तुम्हालाही सांगणार नव्हते, तुमचा चेहरा बघायचा होता.

तुम्ही निघायच्या आदल्या सकाळी वही शेवटची तपासायला घेतली आणि त्या गावाच्या पानाशी आले. सगळं तुम्हाला दिलं होतं. खोल्या, गाड्या, बाक. ते देववेना. मी पान कापलं.

आता पुढचं तुम्हाला समजावून सांगायला नको, तुम्ही त्याच घरच्या. ताव मधोमध दुमडला की त्याची दोन पानं होतात, एक घडीच्या अलीकडच्या अंगाला, एक पलीकडच्या. एक कापलं की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही. कापायचंच असेल तर बोटभर पट्टी सोडून कापावं, म्हणजे जोडीचं पान टिकतं. दुकानात आलेल्या प्रत्येक शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पण पट्टी सोडली असती तर तुमच्या लक्षात आलं असतं. म्हणून अगदी शिवणीलगत कापलं. जोडीच्या पानावर काय आहे ते उलटून बघितलंही नाही. त्यावर नोंदणीचं होतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आईंचे केस विंचरत होते. सांगू नको म्हणालात, पण हात थांबला आणि त्यांना कळलं. सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या की पट्टी सोडायची ना गं. एवढंच. मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोबत वहीचे सगळे कच्चे कागद, तारखांसकट. नऊ खानावळींची पत्रं. दादांनी दुकानाच्या शिक्क्याने लिहिलेलं निवेदन. आणि कापलेलं पान. तुम्ही सुटलात की त्या गावी जा. माझ्यासाठी नको, तुमच्यासाठी जा. मला त्याच्यावर आता हक्क सांगता येत नाही.

लोभ मागायचं तोंड नाही. खुशाली तेवढी कळवावी.
वहिनी

२५ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुटले. काल पासपोर्ट हातात आला. लेखी ताकीद दिली, शिक्का नाही. साहेबांनी तुझे कागद आणि वही शेजारी शेजारी ठेवून तासभर चाळली. शेवटी कारकुनालाही बोलावून दाखवली. त्यांचं म्हणणं असं, की ज्या माणसाने एवढं रेखीव लिहिलं तो लबाडी करायला निघालेला नसतो. म्हणजे मला तुझ्या अक्षराने सोडवलं. इथेही तूच.

आता माझं ऐक. पान कापलंय हे मला एप्रिलमध्येच कळलं होतं. खानावळीत वही उघडली तर एक पान हातात आलं. मी घडीतली पानं मोजली. सोळा हवीत, शिवलेली चौदा. एक हातात, मग एक कुठे? तारखा बघितल्या तर नऊनंतर एकदम तेरा. तू आणि तारीख चुकवशील? तुझ्या टेबलावरचा निळा कागद मीही सव्वीस वर्षं बघतेय. काय कापलं असशील ते ओळखायला फार वेळ लागला नाही.

तुला लिहून विचारता आलं असतं. नाही विचारलं. तू एकदा तरी चुकीची असावीस असं मला वाटत होतं आणि ते मला हवं होतं. हातात आलेलं पान मी वाचलंही नाही. चुरगळलं आणि खालच्या टोपलीत टाकलं. तुझ्या त्या खुर्चीत बसूनच. त्यामुळे बाकावरचे चाळीस दिवस सगळेच तुझ्या नावावर मांडू नकोस, निम्मे माझे.

आणि राग पानाचा नव्हताच. आईने तुझा हात धरला होता, माझा नाही. तू जा, ही आहे ना, असं किती सहज म्हणाली. तिला एकदाही वाटलं नाही की मुलीला थांब म्हणावं. म्हणाली असती तर मी थांबले असते की नाही, मला माहीत नाही. पण म्हणायला हवं होतं. मी निघताना आनंदाने नाचत होते आणि विमानात बसल्यावर रडले. मग तू केस लिहिलेस, शीळ लिहिलीस. तू माझ्यावर जळतेस हे तू पहिल्याच पत्रात सांगून टाकलंस. मला ते सांगायलाही सात महिने लागले.

ते गाव इथून दीड तासावर आहे. आज सकाळी बस समोर उभी होती, चालकाने दोनदा विचारलं. मी चढले नाही. मोठं मन वगैरे काही नाही. तिथेही तू माझ्या आधी पोचलेली असणार, ते मला सोसवलं नसतं.

मी परत येतेय. आई आता काठी घेऊन चालते असं दादा म्हणाला, मग तिला माझ्या हातून सोसेल. मला माझी आई हवीय, सरळच सांगते. चार महिन्यांचा प्रवास उरलाय आणि तुझा पासपोर्ट कपाटात पडून आहे. बूट पायात आहेतच. वही आणतेय. सुटलेलं पान मी पुन्हा लिहिलंय, माझ्या अक्षरात, आणि तुझ्या कापलेल्या पानाला पट्टीने जोडून जागेवर शिवलंय. ही नोंदणीची कचेरी मंगळवारी बंद असते. हे तुझ्या वहीत नव्हतं, मी घातलंय.

माया असावी. दाराशी भेटू, तू बाहेर पडताना.
तुझी,
धाकटी

३ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

निळं पत्र पोचलं. आईने आधी वास घेतला, मग उजेडात धरून खूण बघितली, मग वाचायला माझ्याकडे दिलं. सहा पानं टाक्या, चाळण्या आणि दोरीवर वाळणाऱ्या कागदांची, आणि स्वतःबद्दल एकच ओळ, की पहिला ताव तुझ्या हातून फाटला आणि तू हसत सुटलीस. तेवढ्या ओळीसाठी आईने मला पत्र चारदा वाचायला लावलं. ठरलं होतं तसं झालं असतं तर तुझ्याबरोबर मी तिथे असते, तुला माझा चेहरा बघायचा होता. आता मला तुझा बघायला मिळाला नाही. दोघींनी मिळून एवढं साधलं. मंगळवारची कचेरी कामाला आली असं लिहिलंस, ते वाक्य मी दादाला मोठ्याने वाचून दाखवलं.

घरचं सांगते. मी शिवलेल्या दोन वह्या दादाने न बोलता उसवून ठेवल्या. आई आता अंगणापर्यंत काठीशिवाय जाते. नकाशावर निळी टाचणी तुझी आहे आणि तिला कोणी हात लावायचा नाही, आई स्वतः उठून सरकवते. माझी लाल टाचणी ती काठीने दाखवून दुसऱ्याकडून सरकवून घ्यायची, हे माझ्या लक्षात आलंय. तेव्हा ती चालू शकत नव्हती हेही मला कळतं. तरी लक्षात आलंय. शीळ मला येत नाही. आई म्हणते की माझे ओठ बाबांवर गेलेत, त्याला ती काय करणार.

तू विचारलंस म्हणून लिहिते. मी आल्यापासून रोज सकाळी कंगवा घेऊन तिच्या मागे उभी राहत होते. रोज ती तो काढून घ्यायची आणि स्वतःचा वेडावाकडा अंबाडा बांधायची. आज नाही काढून घेतला. मी भांग पाडला, डावी बाजू विंचरली, कानामागचा व्रण बघितला. नीट विंचरलं. उजव्या बाजूला वळले तेव्हा तिने कंगवा घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाली की उरलेले ती आल्यावर.

आता दारात तशीच बसलीय. डावीकडे चापून बसवलेले, उजवीकडे मोकळे, येणारा जाणारा बघून जातो. फेब्रुवारीपर्यंत असंच बसणार का म्हणून मी विचारलं. तिने नुसती शीळ घातली.

सगळं बघून ये, घाई करू नकोस. माझी बाजू मी रोज विंचरीन.

तुझी,
धाकटी